काडतूस बसतं, पण बंदुकीला पेलतं का?

धामणगावहून रेल्वेनं वर्ध्याकडे निघालं, की वर्धा नदी ओलांडून पुलगाव येतं. तिथल्या लष्करी भांडारामुळं दारूगोळा हा शब्द आम्हा शेजाऱ्यांना नवा नाही. तरी एक समज गावोगाव पक्का आहे : काडतूस नळीत बसलं, म्हणजे चाललं. हा समज जिवावर बेतू शकतो.

घोडा ओढला की काडतुसातली दारू क्षणात जळून तिचा वायू होतो. तो गोळीला पुढं ढकलतो, तसाच नळीला आणि मागच्या बोल्टलाही रेटतो. हा दाब किती पेलायचा, ते बंदूक घडवतानाच ठरतं.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. १८८८ साली तिच्या काडतुसात काळी दारू होती. पुढं बिनधुराची कॉर्डाइट आली आणि तिच्या उष्णतेनं ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतल्या उथळ आट्या झिजू लागल्या. म्हणून १८९५ साली नव्या आट्यांची ली-एनफिल्ड आली. या काडतुसाचा दाब चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंड. नंतर आलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचा ६० हजारांच्या घरात. १९६०च्या दशकात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यानं जुन्याच घाटाची रायफल या काडतुसासाठी बनवली. पण नुसती नळी बदलून भागवलं नाही, पोलादही अधिक मजबूत घेतलं. दोघी बहिणी दिसतात, ताकद मात्र वेगळी.

वऱ्हाडात रायफलीपेक्षा बारा बोअर अधिक. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर घेतलेली, आजोबांकडून नातवाकडे आलेली. काही जुन्या बंदुका काळ्या दारूपुरत्याच घडवलेल्या, काहींत काडतुसाची जागा अडीच इंची. पावणेतीन इंची काडतूस तिथंही सहज बसतं, कारण त्याची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात. बार उडताना ते तोंड अरुंद जागेत उघडतं, वाट आखडते आणि दाब चढतो.

म्हाताऱ्या बैलाला आपण तरण्याचं ओझं ओढायला लावत नाही. लोखंडालाही वय असतं.

तेव्हा मंडळी, नळीवरचा ठसा वाचा. जादा दाबाचं काडतूस उडवून नळी पारखल्यावरच तो उमटवतात. तो खोक्यावरच्या मजकुराशी जुळला पाहिजे. ठसा पुसट असेल, नळीला गंज वा फुगवटा असेल, तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका. आणि मे महिन्यात काडतुसं उन्हात ठेवू नका. तापलेल्या दारूचा दाब वाढतो.