नंदन मेळा: कलाभवन दार उघडतं तेव्हा

डिसेंबर उजाडला की शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या कलाशाळेत, झाडांखाली दुकानं थाटली जातात. १ आणि २ तारखेला इथे नंदन मेळा भरतो. आजी-माजी विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हातची चित्रं, मातीची भांडी, दागिने, शुभेच्छापत्रं, दिनदर्शिका विकायला मांडतात. बहुतेक वस्तू सामान्य खिशाला परवडतील अशा.

पैसा जातो विद्यार्थी साहाय्य निधीत. १९७३मध्ये मेळा सुरू झाला तो याच गरजेतून. एखादा विद्यार्थी आजारी पडला, अडचणीत आला, तर त्याला कुणापुढे हात पसरावे लागू नयेत.

मेळ्याला नाव चित्रकार नंदलाल बोस यांचं. ३ डिसेंबर १८८२ ही त्यांची जन्मतारीख, म्हणून मेळा तिच्या आदल्या दोन दिवशी. १९१९मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाला त्यांनीच घडवलं. चित्रकलेइतकाच मान ते हस्तकलेला देत. महाराष्ट्राने त्यांचं हे रूप जवळून पाहिलं आहे. डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. गांधीजींनी तिथल्या सजावटीची जबाबदारी नंदलालांवर टाकली आणि त्यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून नगर उभं केलं.

खरेदी नसेल करायची, तरी आवार पाहण्यातच दिवस सरतो. इथली उत्तम शिल्पं भिंतीआड नाहीत, उघड्यावर आहेत. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८मध्ये सिमेंटमध्ये लाल मुरूम कालवून ‘संथाळ कुटुंब’ घडवलं. डोक्यावर ओझं घेऊन, पोरंबाळं आणि कुत्र्यासह कामाच्या शोधात निघालेली माणसं राजेमहाराजांच्या पुतळ्यांएवढ्या आकारात उभी राहिली. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून त्याचा उल्लेख होतो. बुद्धाला खीर देणारी त्यांचीच ‘सुजाता’ १९३५ची. सडपातळ, उंच, भोवतालच्या झाडांपैकीच एक वाटावी अशी. तिच्या डोक्यावरचं खिरीचं पात्र नंदलालांनी सुचवलेलं. जवळच डांबर फासलेल्या मातीच्या भिंतींचं ‘कालो बाडी’ हे वसतिगृह आहे. त्याच्या भिंतींवरची उठावशिल्पं शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून केली.

२०२३मध्ये शांतिनिकेतन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. जायचं ठरवलंत तर एवढं लक्षात ठेवा: प्रसिद्ध पौष मेळा वेगळा, तो २३ डिसेंबरच्या सुमारास भरतो. कलाभवनासाठी शांतिनिकेतनजवळच्या बोलपूर स्थानकाचं तिकीट महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांचं काढा, आणि परतताना एखादं तरी शुभेच्छापत्र विकत घ्या.