विश्लेषण : फलंदाज बाद ‘झाला’ की ‘झाली’?

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी, दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री लाइव्ह अपडेट देताना आमची अडचण वेगळीच होती. विकेट पडली की तयार साचा स्क्रीनवर वाक्य टाकायचा : ‘फलंदाज बाद झाला’.

इंग्रजीत काय बदलले?

क्रिकेटचे नियम मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, लिहिते. २२ सप्टेंबर २०२१ रोजी नियमांतील ‘बॅट्समन’च्या जागी ‘बॅटर’ आला. २०१७च्या नियमावलीच्या वेळी मात्र महिला क्रिकेटमधील जाणकारांशी बोलूनच जुना शब्द ठेवला होता. चार वर्षांत मत फिरले. ‘बोलर’ आणि ‘फील्डर’ मुळातच दोघांनाही चालतात, मग हाच शब्द वेगळा का, असा युक्तिवाद होता.

मग मराठीत काय अडते?

नावात काहीच नाही. ‘अंदाज’ म्हणजे फारसीत टाकणारा, फेकणारा. तिरंदाज तसाच. गोलंदाज मूळचा तोफखान्यातला. त्याच धर्तीवर फळीवरून ‘फलंदाज’ घडला. शब्दात पुरुष कुठेच नाही. मेडन ओव्हरलाही आपण निर्धाव षटक म्हणतो, त्यात कुमारिका येत नाही.

गोची वाक्यात होते. ‘फलंदाज बाद झाली’ सहज चालते. पण ‘फलंदाजाने चौकार मारला’ लिहिले की रूप पुल्लिंगी झाले, मग खेळणारी याच मैदानावर उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज का असेना. ‘फलंदाजेने’ असे कुणी बोलत नाही. क्रियापदही मदतीला येत नाही, कारण ‘मारला’ हे चौकाराच्या लिंगाप्रमाणे चालते. सोपा उपाय म्हणजे थेट नाव लिहिणे : जेमिमाने चौकार मारला.

प्रत्येक ओळीत ‘महिला फलंदाज’ लिहिणे हा उपाय मला पटत नाही. रोहित शर्माला ‘पुरुष फलंदाज’ कोण म्हणते? ‘सामनावीर’मधला वीर खटकतो खरा. शफालीसाठी ‘वीरांगना’ लिहून पाहिले, तर डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार आली. सामनावीरच ठेवला.

साचा आता दुरुस्त झाला आहे. सामना महिलांचा असेल तर ‘झाली’ आपोआप येते. कोडच्या चार ओळींचे काम होते. त्या रात्री मात्र हरमनप्रीत कौरने नदिन डी क्लर्कचा झेल टिपला, तेव्हा मी साचा बंद करून हातानेच टाइप केले : शेवटची फलंदाज बाद, भारत विश्वविजेता.