कर्म की पूरक?



इंग्रजीच्या तासाला पुष्कळांचा एके ठिकाणी घोटाळा होतो. क्रियापदापुढे शब्द आला की आपण त्याला लगेच कर्म म्हणतो. पण दर वेळी ते कर्म नसते. म्हणून आज मी 'पूरक' म्हणजे काय ते सांगणार आहे.

ही दोन वाक्ये पाहा.

ही कॉल्ड अ डॉक्टर. – त्याने डॉक्टरांना बोलावले.
ही बिकेम अ डॉक्टर. – तो डॉक्टर झाला.

पहिल्या वाक्यात माणसे दोन. बोलावणारा वेगळा, डॉक्टर वेगळे. म्हणून 'डॉक्टर' हे कर्म. दुसऱ्यात माणूस एकच. जो 'तो', तोच डॉक्टर. नुसते 'तो झाला' म्हटले तर ऐकणारा विचारील, "अरे, काय झाला?" हे अपुरे विधान जो शब्द पुरे करतो तो पूरक. मराठी व्याकरणात यालाच विधानपूरक म्हणतात.

पूरक नाम असते तसे विशेषणही असते. 'द मँगो टेस्ट्स स्वीट' म्हणजे आंबा गोड लागतो. गोडी आंब्याची, म्हणून 'स्वीट' हे विशेषणच हवे. 'स्वीटली' चालत नाही. पण 'शी टेस्टेड द मँगो' म्हणजे तिने आंबा चाखला. इथे आंबा कर्म! क्रियापद तेच, तरी काम वेगळे. म्हणून नुसते पाठ करून भागत नाही, अर्थ बघावा लागतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) मराठीत 'हा माझा भाऊ' एवढे पुरते. इंग्रजीत 'धिस इज माय ब्रदर', 'इज' पाहिजेच.
२) मुलगा मोठा, मुलगी मोठी, झाड मोठे. इंग्रजीत सगळीकडे 'बिग'च.
३) एक शेतकरी असेल तर 'ही इज अ फार्मर', अनेक असतील तर 'दे आर फार्मर्स'.

पालकांना विनंती, की इंग्रजी येत नसले तरी घरी मुलांची परीक्षा घ्यावी. वाक्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा आणि विचारा, "हा नि तो एकच, का वेगवेगळे?" एकच असेल तर पूरक, वेगळे असतील तर कर्म. ('हिमसेल्फ', म्हणजे 'स्वतःला', असे शब्द तेवढे सोडा. तिथे माणूस एकच असूनही कर्म असते.)

ओळखा पाहू!

१) माय सिस्टर मेट अ नर्स.
२) माय सिस्टर इज अ नर्स.
३) द मिल्क बिकेम कोल्ड.

उत्तरे : १ कर्म, २ व ३ पूरक.