घरची बोली आणि शाळेची भाषा

पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या बालकास दोन गोष्टी एकाच वेळी शिकावयाच्या असतात. एक म्हणजे पाठ्यविषय, आणि दुसरी म्हणजे तो विषय ज्या भाषेतून सांगितला जातो ती भाषा. ज्याच्या घरी शाळेचीच भाषा बोलली जाते, त्याला हे दुसरे ओझे जाणवत नाही. परंतु ज्याची घरची बोली निराळी आहे, त्याला शाळेचा उंबरठा हा एका परक्या मुलखाचा उंबरठा वाटतो. अशा बालकाचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण समजले गेले, तर त्याची शैक्षणिक वाटचाल आरंभीच खुंटते. म्हणून या प्रश्नाचा विचार प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हा बहुभाषी जिल्हा होय. कन्नड व सोयगाव तालुक्यांच्या डोंगराळ भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तेथे गोरबोली बोलली जाते. ही बोली राजस्थानी भाषांच्या कुळातील आहे; तिला स्वतंत्र लिपी नाही. त्याच भागातील भिल्ल वस्त्यांवर भिली बोलीचे निरनिराळे प्रकार ऐकू येतात. शहरात व अनेक मोठ्या गावांत दखनी वळणाची उर्दू ही कित्येक कुटुंबांची घरची भाषा आहे. शिवाय वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची हिंदी भाषक मुले आसपासच्या शाळांतून शिकत आहेत.

परभाषेतून शिकण्याचा अनुभव मराठवाड्यास नवा नाही. हैदराबाद संस्थानात प्राथमिक वर्गांत काही ठिकाणी मराठीस जागा असली, तरी वरच्या शिक्षणाचे सरकारी माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. मराठी घरातील विद्यार्थ्यास भूगोल ‘जुगराफिया’ या नावाने, त्रिकोण ‘मुसल्लस’ या नावाने व बीजगणित ‘जब्र-ओ-मुकाबला’ या नावाने शिकावे लागे. मराठीत ‘तारीख’ म्हणजे दिनांक. उर्दू वर्गात ‘तारीख’ म्हणजे इतिहासही. घरी एक अर्थ व शाळेत दुसरा, अशी त्याची ओढाताण होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. मराठीस शाळेत तिचे स्थान मिळाले. तेव्हा उलट अडचण उभी राहिली. ज्या शिक्षकांनी आपले विषय उर्दूतून आत्मसात केले होते, त्यांना ते आता मराठी परिभाषेतून शिकवावे लागले.

मागील पिढ्यांनी जो त्रास सोसला, तोच आज तांड्यावरचे मूल मराठीच्या बाबतीत सोसत आहे. ज्या समाजाने परभाषेचे ओझे वाहिले, त्या समाजाच्या शिक्षकास या बालकाची अडचण समजून घेणे कठीण जाऊ नये.

ही अडचण मुख्यतः तीन प्रकारांनी प्रकट होते.

पहिला प्रकार शब्दांचा. गोरबोली बोलणारे बालक आईस ‘याडी’ व भाकरीस ‘बाटी’ म्हणते. पाठ्यपुस्तकातील ‘आई’ व ‘भाकरी’ त्याच्या ओळखीची असूनही अनोळखी वाटतात. याहूनही फसवे असतात ते दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द. ‘पाटी खाली ठेव’ असे सांगितल्यावर उर्दू भाषक बालकास ‘खाली’ म्हणजे रिकामी असे वाटण्याचा संभव असतो. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण, तर हिंदीत ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. ‘शिक्षा’ हा शब्द मराठी मुलास भिववितो. हिंदी भाषक घरात मात्र त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. शब्द तोच, पण एकास धाक आणि दुसऱ्यास आश्वासन.

दुसरा प्रकार व्याकरणाचा. मराठीत तीन लिंगे आहेत, तर हिंदी-उर्दूत दोनच. त्यामुळे ‘माझे घर’ व ‘गरम दूध सांडले’ असे म्हणण्याऐवजी ‘माझा घर’ व ‘गरम दूध सांडला’ असे मूल सहज बोलून जाते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे; घरच्या भाषेचा नियम ते नव्या भाषेस लावीत असते. नियम लावता येणे हे बुद्धीचेच लक्षण होय. वर्ग हसला, तर ते मूल पुन्हा तोंड उघडावयास धजत नाही.

तिसरा प्रकार रीतीभातीचा. काही बोलींत वडीलधाऱ्यांनाही एकेरी संबोधण्याची चाल आहे. अशा घरातील बालकाने गुरुजींना ‘तू’ म्हटले, तर तो उद्धटपणा नसून घरची आत्मीयता असते. आदरार्थी रूपे त्यास हळुवारपणे, उदाहरणाने शिकवावयाची असतात, दटावून नव्हे. बंजारा समाजात स्वजनांस ‘गोर’ व इतरांस ‘कोर’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. शिक्षक मुलाच्या दृष्टीने आरंभी ‘कोर’ असतो. हे अंतर मिटविण्यासाठी पहिले पाऊल शिक्षकानेच टाकावयास हवे.

ते कसे टाकावे? यासाठी खर्च वा विशेष साहित्य लागत नाही. शाळा सुरू होताच शिक्षकाने वर्गातील मुलांच्या घरच्या बोलीतील नित्याचे चाळीस-पन्नास शब्द एका वहीत देवनागरीत टिपून घ्यावेत: आप्तांची नावे, अन्न, पाणी, जनावरे, शेतीची कामे. नव्या मुलास ‘तारो नाम कांई?’ एवढे जरी त्याच्या बोलीत विचारले, तरी त्याची भीती निम्मी ओसरते. वरच्या वर्गातील, दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी काही दिवस दुभाष्या म्हणून जवळ बसवावा. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी नेहमीपेक्षा अधिक वेळ द्यावा, कारण मूल मनातल्या मनात भाषांतर करीत असते.

गणितात विशेष सावधगिरी हवी. ‘सात शेळ्यांपैकी तीन विकल्या, तर उरल्या किती?’ या प्रश्नास शेळ्या राखणारे मूल गप्प राहिले, तर त्यास वजाबाकी येत नाही असा निष्कर्ष काढू नये. त्याच्यापुढे चिंचोके मांडून तीन बाजूस काढावेत. त्याने ‘चार’ दाखविले, तर उणीव गणिताची नसून ‘उरल्या’ या शब्दाची आहे, हे ध्यानी येईल. मग तो शब्द शिकवावा.

घरच्या बोलीस वर्गात थारा दिला तर मराठी कच्ची राहील, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येते. ती अनाठायी आहे. जी कल्पना मुलास आपल्या बोलीत ठाऊक असते, तिला मराठी नाव देणे सोपे असते. जी कल्पनाच परक्या शब्दांत प्रथम भेटते, ती केवळ घोकली जाते. मराठी उत्तम शिकविणे हे ध्येय कायम ठेवून घरची बोली ही तिथवर नेणारी पायरी मानावी. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याविषयी सांगितले आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा व २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांचाही रोख तोच आहे.

ज्या जिल्हा परिषदांच्या शाळांतून हे कार्य व्हावयाचे, त्या परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, त्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. नाईक यांचा जन्म १९१३ साली यवतमाळ जिल्ह्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात झाला, आणि पुढे १९६३ ते १९७५ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यावरचे मूल कोठवर पोहोचू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मुलाने शाळेची भाषा शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु सहा वर्षांच्या बालकाने संपूर्ण वाट एकट्याने चालावी आणि प्रौढ शिक्षकाने जागेवर बसून त्याची प्रतीक्षा करावी, हे न्यायाचे नाही. यास्तव वर्गातील जे मूल सर्वांत गप्प असेल, त्याच्याविषयी ‘याला काही येत नाही’ असे मत बनविण्यापूर्वी ‘हे घरी कोणत्या भाषेत बोलते?’ एवढा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा, आणि उत्तर शोधण्यासाठी एखाद्या सायंकाळी त्याच्या वस्तीवर जावे.