ऑइल फिल्टर : पत्र्याच्या डब्यात काय आहे ते पाहून घ्या

मोटार दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री यांवर आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो की तालुक्याच्या गावातील स्टँडजवळचे गॅरेज असो, आपला कारागीर तेथे हटकून भेटतो. या धंद्यात सर्वांत जास्त खपणारी आणि सर्वांत कमी तपासली जाणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही ऑइल फिल्टरचे नाव घेऊ. सर्व्हिसिंगच्या वेळी तो बदलला जातो. पण बदलणारा त्याच्या आत पाहत नाही, कारण तो पत्र्याच्या डब्यात बंद असतो आणि किंमत शे-दीडशेच्या घरातली.

आमच्या परिचयाच्या एका तरुण मिस्त्रीला हे दुर्लक्ष महागात पडले. गिऱ्हाइकाच्या गाडीचे ऑइल आणि फिल्टर बदलून त्याने गाडी दिली. चार-पाचशे किलोमीटर झाले नाहीत तोच इंजिन ठोकू लागले आणि शेवटी क्रँकचे बेअरिंग धरले. फिल्टर कापून पाहिला तर आतला कागद टोपीपासून सुटून फाटलेला, आणि त्याचे तुकडे ऑइलच्या रस्त्यात अडकलेले. गिऱ्हाईक मिस्त्रीच्या दारात येऊन बसले. मिस्त्री दुकानदाराकडे गेला, तर दुकानदार म्हणाला, "भाईजान, हा माझ्याकडचाच कशावरून? बिल दाखवा." बिल नव्हते, कच्ची चिठ्ठी होती. इंजिनकामाचा निम्मा खर्च मिस्त्रीने आपल्या खिशातून भरला. फिल्टरमागे त्याला सुटले होते तीस-चाळीस रुपये.

म्हणून या डब्यात काय असते आणि ते कसे पारखावे, याविषयी आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मोटारीच्या पहिल्या जमान्यात ऑइल गाळण्यासाठी फारतर तारेची जाळी असे. खऱ्या अर्थाने ऑइल फिल्टर आला तो 1923 साली अमेरिकेत, स्वीटलँड आणि ग्रीनहाल्ग या दोघांच्या प्रयत्नाने; त्यांनी त्याला 'प्युरोलेटर' हे नाव दिले. आज आपण हाताने फिरवून बसवतो तो डबा त्यानंतर तीसएक वर्षांनी प्रचारात आला. तत्त्व तेच आहे. पंप ऑइल दाबाने फिल्टरकडे पाठवतो. ते तळाच्या पत्र्यावरील कडेच्या छिद्रांतून आत शिरते, घड्यांच्या कागदातून गाळले जाते आणि मधल्या नळीतून बाहेर पडून बेअरिंगकडे जाते. मारुती 800 सारख्या गाडीत सुमारे तीन लिटर ऑइल असते आणि ते सगळे मिनिटाला अनेकदा या कागदातून जाते. कागद बरा तर इंजिन बरे.

परंतु कागद म्हणजे सर्वस्व नव्हे. डब्यात दोन लहान व्हॉल्व्ह असतात आणि आमच्या मते खऱ्या-खोट्याचा निकाल तेथेच लागतो. पहिला म्हणजे तळाशी बसवलेली रबराची पातळ चकती. इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत खाली उतरू नये, हे तिचे काम. ज्या गाड्यांत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो त्यांत तिचे महत्त्व फार. चकती कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी सेल मारल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंद विझत नाही आणि टॅपेट खडखडतात. हा आवाज ऐकून टॅपेट सेट करायला घेणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. दोष मात्र चकतीचा असतो. साधे काळे नायट्राइल रबर उष्णतेने लवकर कडक होते, सिलिकॉन अधिक टिकते. सिलिकॉनची चकती बहुधा लाल किंवा नारिंगी असते. पण रंग कोणीही घालू शकतो, तेव्हा बोट लावून लवचिकपणा पाहावा. आडव्या फिल्टरची आणखी एक परीक्षा आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता जुना फिल्टर उतरवावा. त्यात ऑइल भरलेले मिळाले तर चकतीने काम केले असे समजावे.

दुसरा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा, म्हणजे बायपास. कागद तुंबला, किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले, तर तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे सोडतो. बेअरिंगला घाणेरडे ऑइल मिळणे वाईट खरे, पण मुळीच न मिळणे त्याहून वाईट. किती दाबाला उघडायचे हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेले असते, साधारण 0.6 ते 1.2 बारच्या आसपास. हलक्या मालात ही स्प्रिंग ढिली असते. मग व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा राहतो, निम्मे ऑइल गाळल्याविना फिरते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, अशा गाडीच्या फिल्टरमध्ये तो नसतो. तो फिल्टर दुसऱ्या इंजिनाला 'बसतो' म्हणून लावला तर कागद तुंबल्यावर ऑइलला वाटच उरत नाही.

मागे आम्ही एका जुन्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये बसून मारुतीला बसणारे चार नवे फिल्टर कापून पाहिले. दोन पक्क्या बिलाचे, दोन फूटपाथवरचे. बाहेरून चारही सारखे. उलट हातात घेतल्यावर सर्वांत जड लागला तो फूटपाथवरचाच. वजन पत्र्याचे होते, आणि पत्रा काही ऑइल गाळत नाही. आत पाहिले तर घड्या थोड्या, एकीकडे दाटलेल्या आणि दुसरीकडे विस्फारलेल्या. दोन टोके जोडण्याची शिवण कोरडी, गोंद अर्ध्यावरच. उस्तादांनी अंगठ्याने टोपी ढकलली आणि ती सुटून आली. शेजारी उभ्या असलेल्या शागिर्दाने तोच अंगठा चांगल्या फिल्टरवर लावून पाहिला. टोपी हलली नाही.

घड्या मोजण्यात अर्थ आहे, पण नुसत्या मोजून भागत नाही. 50 घड्या, प्रत्येक 1 सेंटिमीटर खोल आणि कागदाची उंची 5 सेंटिमीटर असेल, तर दोन्ही बाजू धरून 500 चौरस सेंटिमीटर कागद झाला. 30 घड्यांत तो 300 वर येतो, म्हणजे तेवढा लवकर तुंबणार. घडी उथळ असेल तर संख्या जास्त दिसूनही कागद कमीच. टोपी पत्र्याचीच हवी, असा आग्रह मात्र आम्हाला पटत नाही. पुठ्ठ्यासारख्या जाड कागदाची टोपी चौफेर नीट चिकटवलेली असेल तर तीही काम देते. पाहायचे ते चिकटवणे.

प्रत्येक फिल्टर कापून विकता येत नाही, हे उघड आहे. परंतु नवा माल घेताना पेटीतील एक कापावा. करवतीने कापल्यास लोखंडाचा भुगा आत जातो, म्हणून पाइप कटरसारखा फिल्टर कटर मिळतो तो गॅरेजमध्ये ठेवावा. तोच जुन्या फिल्टरसाठीही उपयोगी पडतो. जुना फिल्टर कापून कागद पसरला आणि लोहचुंबक फिरवला की पोलादाचे कण वर येतात. चुंबकाला न लागणारे चकचकीत कण बहुधा बेअरिंगचे. गिऱ्हाइकाला हे दाखवले तर इंजिनाची अवस्था तोंडी समजावण्याची वेळ येत नाही.

आता 'मायक्रॉन'विषयी. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि चालत्या बेअरिंगमधील ऑइलचा थर त्याच्या कितीतरी पट पातळ. त्या थराच्या जाडीचेच कण सर्वांत जास्त घासतात. 1988 साली जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात म्हटले होते की, 40 मायक्रॉनच्या फिल्टरशी तुलना करता 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज 50 टक्क्यांनी आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरने 70 टक्क्यांनी कमी झाली. मात्र डब्यावर नुसते '20 मायक्रॉन' छापलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. 20 मायक्रॉनच्या 100 कणांपैकी 50 अडवणाराही तेच छापतो आणि 99 अडवणाराही तेच. किती टक्के, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यासाठी आयएसओ 4548 ही चाचण्यांची मालिका आहे. तिच्या बाराव्या भागात गाळण्याची क्षमता मोजतात, नवव्यात परत उतरणारे ऑइल अडवणाऱ्या व्हॉल्व्हची आणि सहाव्यात डबा फुटण्याची परीक्षा होते. घाऊक माल देणाऱ्या प्रतिनिधीकडे या चाचण्यांचा कागद मागावा. तो दाखवता येणारी कंपनी साधा, स्वस्त फिल्टर देत असली तरी आम्ही तो मोठ्या नावाच्या डुप्लिकेटपेक्षा बरा समजतो.

आट्यांची चूक मात्र एका दिवसात इंजिन घालवते. मारुती, ह्युंदाई, होंडा यांच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना 20 मिलिमीटर व्यासाचे, 1.5 पिचचे आटे असतात. टोयोटाच्या स्वतःच्या कित्येक इंजिनांना पाऊण इंचाचे, इंचाला 16 आटे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यामुळे मारुतीचा फिल्टर टोयोटाच्या बोल्टवर चढतो, हाताला घट्टही लागतो. पण आटे जेमतेम टोकाला धरलेले असतात. थंड इंजिनात दाब वाढला की फिल्टर निसटतो आणि सगळे ऑइल रस्त्यावर. गंमत अशी की टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनोच, तिला मारुतीचा फिल्टर लागतो. तेव्हा बोनेटवरचे नाव पाहून फिल्टर देऊ नये, पार्ट नंबर पाहून द्यावा. बसवताना जुना रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, हेही पाहावे. रिंगवर रिंग बसली तर परिणाम तोच. नव्या रिंगला ऑइल लावून, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा पुरतो, पान्याची गरज नाही. 1.3 मल्टिजेट डिझेलसारख्या इंजिनांत डबा नसून नुसता कागदी गाभा असतो. त्याच्या झाकणाचा ओ-रिंग दर वेळी नवा घालावा.

राहिला डुप्लिकेटचा प्रश्न. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. त्यांपैकी काही नसेल किंवा किमतीवर दुसरी चिकटपट्टी असेल तर माल परत करावा. आट्यांवर ओरखडे किंवा रिंगच्या बैठकीवर दबल्याची खूण दिसली तर तो वापरलेला, धुऊन रंगवलेला डबा समजावा. होलोग्राम आणि कोडवर विसंबू नये, त्यांचीही नक्कल होते.

1999 च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम 104 प्रमाणे खोट्या ट्रेड मार्कचा माल विकणाऱ्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. आपण वाजवी खबरदारी घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला त्याची सर्व माहिती दिली, हे दुकानदाराला सिद्ध करता आले तर त्याचा बचाव होतो. ही माहिती द्यायची ती पक्क्या बिलावरूनच. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूची जबाबदारी काही परिस्थितीत विक्रेत्यावरही टाकली आहे.

वर ज्याची हकिकत सांगितली तो मिस्त्री आता फिल्टरच्या खोक्याची छापील बाजू कापून गिऱ्हाइकाच्या जॉबकार्डला टाचतो, आणि दुकानदाराकडून बिलावर पार्ट नंबर लिहून घेतो. पहिले दोन महिने दुकानदार कुरकुरत होता. आता न सांगता लिहून देतो.