नफा आहे, मग पैसा अडकतो कुठे?

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत असे अनेक लहान मशीन शॉप आहेत, ज्यांच्या ताळेबंदात नफा दिसतो आणि तरीही पगाराची तारीख जवळ आली की मालकाची झोप उडते. ऑर्डर आहे, मालाचा दर्जा चांगला आहे, गिऱ्हाईकही मोठे आहे. मग रोकड का नसते? एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

दिवसांचा हिशेब

समजा, कारखाना दरमहा 10 लाखांचे सुटे भाग एका मोठ्या कंपनीला पुरवतो. त्यासाठी पोलाद लागते 5 लाखांचे, पगार-मजुरी 2 लाख, आणि वीज, भाडे, टूल्स वगैरे मिळून दीड लाख. उरलेला दीड लाख हा नफा.

आता पैसे कधी जातात ते पाहा. पोलादाचा व्यापारी लहान गिऱ्हाइकाला सहसा फार दिवस थांबत नाही. 18 टक्के जीएसटी धरून त्याला 5 लाख 90 हजार द्यावे लागतात. पगार आणि वीजबिल ठरल्या तारखेला. विक्रीच्या बिलावर 1 लाख 80 हजार जीएसटी लागतो. खरेदीवरचे 90 हजार वजा केले तरी उरलेले 90 हजार पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचे, कंपनीने बिलाचे पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे दरमहा 10 लाख 30 हजार बाहेर जातात.

कंपनीने 90 दिवसांनी पैसे दिले, तर तोवर तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे जवळपास 31 लाख रुपये, खिशातून गेलेला असतो. हा वीस महिन्यांचा नफा झाला. 12 टक्क्यांनी कर्ज काढून ही रक्कम उभी केली, तर महिन्याला 31 हजार व्याजात जातात, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. कंपनीने 45 दिवसांत पैसे दिले असते, तर अडकलेली रक्कम आणि व्याज दोन्ही निम्म्यावर आली असती.

वाढीतली अडचण

कंपनी खूश होऊन ऑर्डर दीडपट करते. आता तीन महिन्यांसाठी साधारण 46 लाख लागतात, म्हणजे आणखी 15 लाख. वाढीव मालाचे पैसे हाती येणार चौथ्या महिन्यात. भरभराटीच्या काळातच कारखाने अडचणीत येतात ते यामुळे.

बँकेचे कॅश क्रेडिट इथे उपयोगी पडते, पण त्यालाही मर्यादा आहे. किती रक्कम उचलता येईल हे दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते आणि 90 दिवसांहून जुनी येणी बँका सहसा त्यात धरत नाहीत. त्यामुळे वसुली लांबली की उचल नेमकी तेव्हाच घटते.

कायदा काय देतो

2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत द्यावेच लागतात. करारात यापेक्षा जास्त मुदत लिहिली तरी ती चालत नाही. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवस. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याच्या दिवसापासूनच मोजणी सुरू होते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली. मुदत उलटून दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते.

तरीही तक्रारी कमी होतात, कारण एकुलते एक मोठे गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते. अशा वेळी 'ट्रेड्स' हा मार्ग आहे. त्यात कंपनी बिल ऑनलाइन मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि थोडे व्याज कापून एक-दोन दिवसांत पुरवठादाराला पैसे देतात. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे येत नाही. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. पण बिल मान्य करणे कंपनीच्या हाती असते, म्हणून ऑर्डर घेतानाच तशी अट मागावी.

आजपासून करण्यासारखे

उद्यम नोंदणी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पुढच्या तेरा आठवड्यांची येणी आणि देणी एका कागदावर मांडा. ऑर्डर घेताना दराइतकाच मुदतीवर भाव करा. नव्या ऑर्डरला होकार देण्याआधी लागणारी रोकड मोजा. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका.

आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी-विभागांना एक विनंती: तुमच्याकडे बिल पडून राहते तेव्हा तुमचे भांडवल हे लहान कारखाने पुरवत असतात. 45 दिवस ही त्यांच्यावरची मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे.