शिपायाचे कागद आणि चर्चची नोंदवही

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी, रविवारची मिस्सा आटोपून लोक घरोघर पांगले असता, आमच्या धर्मग्रामातील एक बाई पदराखाली कापडाचे गाठोडे घेऊन पडवीत उभी राहिली. गाठोड्यात तिच्या पतीचे लष्करी कागद होते. तेरा वर्षे फौजेत चाकरी केल्यावर पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे वैद्यकीय मंडळाने त्यास सेवेस अपात्र ठरवून घरी धाडले, त्या गोष्टीला सात वर्षे लोटली होती. तेवढ्या काळात ते गाठोडे कोणी उघडून वाचले नव्हते. दरमहा बँकेत थोडेसे निवृत्तिवेतन जमा होई, आणि घर तेवढ्यावर समाधान मानून होते. आता ‘स्पर्श’ या नावाच्या संगणकीय पेन्शन व्यवस्थेत माहिती पडताळून पाहताना सेवा केंद्रातील मुलाने सांगितले, की पत्नी म्हणून फौजेच्या दप्तरी जे नाव आहे ते आधार कार्डावरील नावाशी जुळत नाही.

फौजेच्या दप्तरी ती शांताबाई होती. आमच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आणि आधार कार्डावर ती मारिया. लग्नानंतर पलटणीच्या कारकुनाने पत्नीचे नाव विचारले, तेव्हा नवऱ्याने घरात हाक मारतात तेच सांगून टाकले. कोणाची लबाडी नाही, कोणाचा द्वेष नाही. पण उद्या पती प्रभुघरी गेला, तर कुटुंब निवृत्तिवेतन शांताबाईला मिळायचे, आणि शांताबाई नावाचा कागद या बाईपाशी एकही नव्हता.

बाई म्हणाली, “फादर, तुमच्या वहीत बी शांताबाईच लिवून द्या ना. एवढं केलं म्हंजी सारं जुळंल.”

आम्ही नकार दिला, आणि खरे सांगायचे तर तो देताना आम्हांस वाईटही वाटले. धर्मसभेच्या कायद्याने या नोंदवह्या राखण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली आहे. त्यातील मूळ अक्षर खोडून सोयीचे अक्षर घालण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवाय चुकलेल्या कागदाशी जुळावे म्हणून खरा कागद बिघडवला, तर दोन्ही निरुपयोगी होतात. दुरुस्त व्हायला हवा तो फौजेचा कागद, हे समजावण्यास आम्हांस बराच वेळ लागला.

पवित्र शास्त्रात एज्राच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांत बर्जिल्लयाच्या कुळातील काही याजक होते. त्यांच्या पूर्वजाने बर्जिल्लयाची मुलगी करून सासऱ्याचेच नाव धारण केले होते. वंशावळीच्या नोंदींत त्यांनी आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना याजकपदातून वगळण्यात आले. नावाच्या घोटाळ्याने भाकर जाण्याची गोष्ट इतकी जुनी आहे.

असो. त्या कुटुंबाने पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. स्नानसंस्कार व विवाहसंस्कार यांचे खरे उतारे आम्ही दिले. शांताबाई व मारिया ही एकच व्यक्ती, असे प्रतिज्ञापत्र करवून घेतले. आधार कार्डाची नक्कल, पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र आणि गावच्या सरपंचाचा दाखला जोडला. अर्जावर सैनिक क्रमांक घालून स्वतः त्या जवानाने सही केली. अर्ज त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला रवाना झाला, त्याची एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयात दिली. येथे एक गोष्ट ध्यानात यावी, की रेकॉर्ड ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी नसते. ज्याच्या त्याच्या पलटणीप्रमाणे ते वेगळे. महार रेजिमेंटच्या माणसाचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसाचे बेळगावला. म्हणून आदिलाबादच्या बाजारात कोणी “मी कागद फिरवून देतो” म्हणाला, तर त्याच्या हाती पैसे देण्यापूर्वी तो अर्ज कोठे धाडणार एवढे विचारावे.

जवान हयात असेपर्यंत हे काम त्याच्या सहीने होते. तो गेल्यावर तेच काम विधवेला स्वतःची ओळख सिद्ध करीत करावे लागते, आणि ते किती कठीण, हे ज्या घरांनी भोगले त्यांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर झालेले लग्न वा जन्मलेले मूल यांचीही नोंद करून घ्यावी लागते. ती आपोआप होत नाही.

नावाचा प्रश्न असा मार्गी लागत असता आम्ही ते गाठोडे पुरते वाचले, आणि तेव्हा खरी मोठी गोष्ट दृष्टीस पडली. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर एक रकाना असतो: आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला काय, किंवा सेवेमुळे बळावला काय? या जवानाच्या रकान्यात दोन्ही ठिकाणी ‘नाही’ असे होते. त्या ‘नाही’पुढे कारण म्हणून एक ओळही नव्हती. या एका शब्दामुळे त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले गेले होते. नामंजुरीचे पत्रही गाठोड्यातच होते, इंग्रजीत, घडी न मोडलेले.

अशाच एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निर्णय दिला. हे गृहस्थ १९८५ मध्ये सिग्नल दलात भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ मध्ये फेफऱ्याच्या विकारामुळे घरी आले. अपंगत्व वीस टक्के, पण आजार अंगभूत, सेवेशी संबंध नाही, असे मंडळाचे मत पडले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणताही आजार नोंदलेला नाही तो निरोगी होता असे धरावे. पुढे आजार झाला तर तो सेवेमुळेच असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, जवानावर नाही. मंडळाने कारणे न देता उमटवलेले मत न्यायालयाने ग्राह्य धरले नाही. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांस नवे नियम लागू आहेत, हे अशा कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

आणि उशिराची किंमत काय? तरसेम सिंग १९८३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने फौजेतून बाहेर पडले, आणि न्यायालयात गेले १९९९ मध्ये. निवृत्तिवेतनाचा हक्क त्यांना मिळाला. पण मागील थकबाकी सर्व सोळा वर्षांची मिळावी ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केली नाही. अर्जापूर्वीच्या ३८ महिन्यांचीच कायम राहिली. सुमारे तेरा वर्षांचे पैसे केवळ गप्प बसण्यात गेले! तेरा वर्षांत एका घरातील मुलाचे सारे शिक्षण होते.

अमेरिकेत अशा चुकांसाठी १९४६ च्या कायद्यानंतर मुलकी सदस्यांची स्वतंत्र मंडळे स्थापन झाली, आणि तेथेही चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा दंडक आहे, जरी न्यायासाठी तो शिथिल करता येतो. त्याच देशात १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील लष्करी दप्तरखान्यास आग लागून कोट्यवधी सैनिकांचे कागद जळाले. कित्येकांना मग आपण सैनिक होतो हेच घरच्या जुन्या कागदांवरून दाखवावे लागले. सरकारी कपाटावर इतका विश्वास बरा नव्हे.

आपल्याकडे नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावयाचे असते. ती वेळ गेली तरी दार अगदीच बंद होत नाही. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले असून, सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार त्यास आहे. वकिलाच्या फीचे भय वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना तेथे विनामूल्य वकील मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. आमच्या लोकांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे, आणि आम्हांलाही ते या गाठोड्यापूर्वी नीट माहीत नव्हते.

रेकॉर्ड ऑफिसने मध्यंतरी आणखी एक कागद मागितला, तो गेला. आणि या वर्षी उपवासकाळात पीपीओचे दुरुस्तीपत्र आले. त्यात पत्नीचे नाव मारिया असे स्वच्छ छापलेले आहे. बाईने ते आम्हांस दोनदा वाचावयास लावले. आजाराविषयीचा अर्ज विलंबमाफीच्या विनंतीसह न्यायाधिकरणाकडे गेला आहे. त्याचा निकाल अद्याप व्हायचा आहे.

ज्या घरांत फौजेतून परतलेला कोणी आहे, त्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि वैद्यकीय मंडळाचा कागद घेऊन शनिवारी सायंकाळी जपमाळेनंतर यावे. आमच्या शाळेचे एक मास्तर इंग्रजी वाचून दाखवण्यास तयार आहेत. मूळ कागद घरी परत न्यावेत. एक नक्कल चर्चच्या कपाटात ठेवली जाईल.